मुंबईच्या तलावांचं पाणी आणि बदलतं हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की वर्तमानपत्रात रोज एक चौकट येते: सात तलावांत आज इतके टक्के साठा. जुलैत तलाव भरून वाहू लागले की तीच चौकट आनंदाने छापली जाते आणि मग सगळे विसरतात. पाणी किती आहे हे त्या चौकटीत असतं, ते कसं आहे हे नसतं. हवा तापत जाईल आणि पाऊस लहरी होत जाईल तसा हा दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा ठरणार आहे. लोक या विषयावर जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

मुंबईचं पाणी नेमकं येतं कुठून?

सात ठिकाणांहून. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन शहराच्या हद्दीतच, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. बाकीचे पाच बाहेर, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ पट्ट्यात: तानसा (१८९२), मोडक सागर (१९५७), अप्पर वैतरणा, भातसा आणि सगळ्यात नवं मध्य वैतरणा (२०१४). सातही काठोकाठ भरले की वापरण्याजोगा साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर होतो. त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसाचा. विहार आणि तुळशी मिळून जेमतेम अडीच टक्के, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘तुळशी भरला’ अशी बातमी आली तरी निर्धास्त व्हायचं कारण नसतं.

शहराला रोज साधारण ४०० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. म्हणजे एक टक्का साठा साडेतीन दिवस पुरतो.

हवामान बदल म्हणजे पाऊस कमी-जास्त होणं. त्याचा पाण्याच्या दर्जाशी काय संबंध?

हवा तापली की तिच्यात जास्त बाष्प मावतं, दर अंशाला सुमारे सात टक्के जास्त. ते बाष्प बरसतं तेव्हा रिपरिप न बरसता एकदम कोसळतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. तापत चाललेल्या अरबी समुद्रावरून येणारं बाष्प हे त्याचं एक कारण. वर्षाची सरासरी तीच राहूनही पाऊस मोजक्या दिवसांत उरकू शकतो आणि मधले दिवस कोरडे जातात.

तलावासाठी हा मोठा फरक आहे. १०० मिलिमीटर पाऊस आठवडाभर पडला तर तो जमिनीत मुरतो, पानापाचोळ्यातून गाळला जातो आणि ओढ्याने सावकाश येतो. तेवढाच पाऊस तीन तासांत पडला तर डोंगराची माती, शेतातलं खत, गुरांचं शेण, सगळं सोबत घेऊन खाली येतो. साठ्याच्या तक्त्यात मात्र हा फरक दिसत नाही.

वेळेचाही भरवसा राहिलेला नाही. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे रोजी आला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यात लवकर. उलट २०२० मध्ये जुलै इतका कोरडा गेला की ५ ऑगस्टपासून २० टक्के पाणीकपात लागू झाली, आणि नेमक्या त्याच दिवशी कुलाब्यात चोवीस तासांत ३३० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. कपातीच्या पहिल्याच दिवशी दक्षिण मुंबई पाण्याखाली! अर्थात कुलाब्यात पडलेल्या पावसाचा थेंबही भातसात जात नाही, तो भाग वेगळा.

जून-जुलैत नळाला पिवळट, गढूळ पाणी का येतं?

याला दोन कारणं असतात. दोन्ही वेगळी असली तरी लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं कारण तलावाकडचं. आठ महिने उन्हात भाजलेली जमीन भुसभुशीत झालेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीच्या उतारांवर वणवे लागतात, त्यांची राख तशीच पडून असते. पहिले जोरदार पाऊस हे सगळं धुऊन आणतात. त्यात चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की आठवडाभर स्थिर ठेवलं तरी ते तळाशी बसत नाहीत. स्टीलच्या पातेल्यात रात्रभर पाणी ठेवलं आणि सकाळी तळाशी सायीसारखा तपकिरी थर दिसला, तर तो जाडा गाळ. बारीक गाळ वरच्या पाण्यातच असतो आणि पाणी उजेडात धरलं की जरासं धुरकट दिसतं.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. गढूळपणा नुसता दिसायला वाईट नसतो. जंतू मातीच्या कणांच्या आड लपतात, आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच माती आणि कुजलेल्या पानांशी झटापट करून संपतो.

दुसरं कारण तुमच्या गल्लीतलं आहे: गंजलेली किंवा फुटकी जलवाहिनी. पाणी सुटल्यावर फक्त पहिल्या दोन-चार बादल्या खराब आणि मग स्वच्छ, असं होत असेल तर भातसाला दोष देऊ नका. सगळ्या वॉर्डात एकाच दिवशी, पाणी येतं तो संपूर्ण वेळ गढूळ असेल, तर मात्र बिघाड वरच्या अंगाला आहे.

भांडुपला एवढं मोठं शुद्धीकरण केंद्र आहे. मग काळजी कशाला?

आहे, आणि काम चोख करतं. वैतरणा आणि तानसाकडचं पाणी भांडुप संकुलात येतं. तिथल्या दोन केंद्रांची क्षमता दिवसाला १,९१० आणि ९०० दशलक्ष लिटर आहे. भातसाचं पाणी नदीतून पिसेपर्यंत येतं, तिथे उचललं जातं आणि पांजरापूरला शुद्ध होतं. विहार आणि तुळशीला स्वतंत्र छोटी केंद्रं आहेत. पद्धत सगळीकडे तीच: तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराईड टाकून गाळाचे कण एकमेकांना चिकटवायचे, जड झालेला गाळ तळाशी बसू द्यायचा, पाणी वाळूच्या थरांतून गाळायचं, शेवटी क्लोरीन. २०१९ मध्ये केंद्र सरकारने राजधान्यांच्या शहरांतल्या नळाच्या पाण्याची तपासणी जाहीर केली, तेव्हा मुंबई पहिली आली होती.

पण केंद्र आखताना येणारं पाणी किती गढूळ असेल याचा एक अंदाज धरलेला असतो. गढूळपणा एका रात्रीत कित्येक पटींनी चढला की रसायनाची मात्रा तासातासाला बदलावी लागते, वाळूचे थर लवकर तुंबतात, ते धुण्यासाठी थांबावं लागतं, आणि तेवढ्या वेळात बाहेर पडणारं पाणी कमी होतं. म्हणजे तलाव तुडुंब भरलेला असतानाही नळाला पाणी कमी येऊ शकतं. हे लोकांच्या गळी उतरवणं कठीण जातं.

आणि केंद्र स्वतःही पावसाच्या तडाख्यात सापडतं. १८ जुलै २०२१ च्या पहाटे झालेल्या पावसाने भांडुप संकुलातच पाणी शिरलं. विजेची यंत्रणा बंद ठेवावी लागली आणि शहराच्या मोठ्या भागाचा पुरवठा थांबला. पुरवठा सुरू झाल्यावर पाणी उकळून प्यायचं आवाहन करावं लागलं. शहराला पाणी पाजणारी जागाच पाण्याने बंद पाडली.

उन्हाळ्यात धरणातल्या पाण्याचं काय होतं? तिथे तर गाळ येत नाही.

उन्हाळ्यात पाणी वरून नितळ दिसतं आणि घोळ तळाशी सुरू होतो.

मार्चपासून ऊन तापतं तसा धरणातला वरचा थर गरम होतो. गरम पाणी हलकं, म्हणून ते वरच राहतं. थंड, जड पाणी खाली. या दोन थरांत एक अदृश्य पडदा तयार होतो आणि वरचं पाणी खालच्यात मिसळायचं बंद होतं. तुळशीसारख्या उथळ तलावात वारा हे सगळं ढवळून काढतो. पण मध्य वैतरणाचं धरण १०० मीटरच्या वर उंच आहे. इतक्या खोल पाण्यात वाऱ्याची मात्रा तळापर्यंत चालत नाही.

वरून हवा मिळेनाशी झाली की कुजणारा पालापाचोळा तळातला प्राणवायू खाऊन टाकतो. मुळात गरम पाण्यात प्राणवायू कमीच विरघळतो: २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. तळ गुदमरला की गाळात घट्ट बसलेलं लोह, मँगनीज आणि फॉस्फरस सुटून पाण्यात उतरतं. सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाईडही तिथेच बनतो. लोहाने पाणी तांबूस होतं. मँगनीजचं लक्षण जास्त फसवं: पाणी नळातून स्वच्छ येतं आणि क्लोरीनशी गाठ पडल्यावर काही काळाने टाकीच्या भिंतीला काळा, बोटाला चिकटणारा थर धरतो. पांढऱ्या कपड्यांवर न जाणारे डाग पडतात आणि बोलणी साबणाला बसतात.

जून-जुलैत पुराचं थंड, जड, गढूळ पाणी तळाशी घुसतं तेव्हा हे सगळं ढवळून वर येतं. हवामान बदलाने उन्हाळा जितका लांबेल आणि रात्री जितक्या गरम राहतील, तितका तो पडदा पक्का होईल आणि तळ जास्त दिवस कोंडलेला राहील. पाण्याच्या दर्जाबाबत मला सगळ्यात जास्त धास्ती याची वाटते, आणि याची चर्चाच सगळ्यात कमी होते.

यावर उपाय माहीत नाही असं नाही. पाणी वेगवेगळ्या खोलीवरून उचलता येईल अशी दारं असतील आणि दर खोलीचं तापमान नि प्राणवायू नियमित मोजला, तर चांगला थर निवडून घेता येतो. काही देशांत तळाशी हवा सोडून पाणी ढवळत ठेवतात.

पाण्याला कधीकधी मातीचा वास येतो. ते दूषित असतं का?

बहुतेक वेळा नसतं. पहिल्या पावसानंतरचा जो मृद्गंध आपल्याला आवडतो, त्यामागे जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. पाण्यातले काही जीवाणू आणि नील-हरित शैवाल तेच द्रव्य बनवतात. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत भलतंच तिखट आहे: एका लिटरमध्ये १० नॅनोग्रॅम असलं तरी वास जाणवतो. एवढ्या प्रमाणात ते अपायकारक नाही.

पण वास म्हणजे चाहूल आहे. शैवाल वाढतंय हे त्यातून कळतं. नील-हरित शैवालाच्या काही जाती, विशेषतः मायक्रोसिस्टिस, यकृताला घातक असं मायक्रोसिस्टिन बनवतात. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. या शैवालाला २५ अंशांच्या वरचं, संथ आणि फॉस्फरस असलेलं पाणी मानवतं. या तिन्ही गोष्टी बदलत्या हवामानात वाढतात: पाणी तापतं, पावसाच्या खंडात संथ राहतं, आणि मुसळधार पाऊस शेतातून खत आणून देतो.

म्हणजे आपल्या तलावांत विषारी शैवाल झालंय?

असं समजू नका. वैतरणा आणि तानसाचं पाणलोट क्षेत्र बरंचसं जंगलाचं आहे, विहार-तुळशीचं तर राष्ट्रीय उद्यानच आहे. नुसत्या तापमानाने शैवाल माजत नाही, त्याला खाऊ लागतं. जंगल तो खाऊ अडवून धरतं.

खाऊ मिळाला की काय होतं ते बघायचं असेल तर पवईला जा. पवई तलाव १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला गेला होता. पाणी पिण्यालायक नाही म्हणून तो लवकरच बाद झाला. पुढे आजूबाजूची वस्ती वाढली, सांडपाणी येऊ लागलं, आणि आता जलपर्णी काढायची कंत्राटं वर्षानुवर्षं निघत असतात. विहार तिथून हाकेच्या अंतरावर आहे. पाऊस तोच, ऊन तेच. फरक काठाचा.

मे-जूनमध्ये पाच-सात टक्के साठा उरतो, ते पाणी प्यायला ठीक असतं?

शुद्ध केल्यावर ठीक असतं, पण शुद्ध करायला जास्त कष्ट पडतात. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लागली आणि भातसा व अप्पर वैतरणातल्या राखीव साठ्याला हात लावावा लागला. राखीव साठा म्हणजे रोजच्या उपशाच्या पातळीखालचं पाणी. ते तळाच्या, म्हणजे गाळाच्या जवळ असतं. खोली कमी झाल्यामुळे ते लवकर तापतं. बाष्पीभवनाने पाणी उडून जातं, त्यातले क्षार आणि सेंद्रिय द्रव्यं मागे राहतात. भरीला धरणाचा उघडा पडलेला काठ. मे महिन्यात गावची गुरं तिथेच चरायला उतरतात, आणि पहिला पाऊस त्या काठावरून आत येतो.

‘साठा संपत आला, पण राखीव कोटा आहे’ हे ऐकून हायसं वाटतं खरं. मात्र शेवटचे टक्के आणि सुरुवातीचे टक्के दर्जाने सारखे नसतात.

पाणी खराब झालं तर क्लोरीन जास्त टाकला की भागत नाही का?

नाही. कुजलेल्या पानांतून पाण्यात उतरलेल्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनची क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेन गटातली संयुगं तयार होतात. वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात पोटात गेली तर ती घातक मानली जातात. पाणी जितकं गरम, तितकी ही क्रिया वेगात. त्यामुळे आधी गाळ आणि सेंद्रिय द्रव्य काढायचं, मगच क्लोरीन, हा क्रम चुकवून चालत नाही.

पण याचा अर्थ क्लोरीन वाईट असा काढू नका. जुलाब, कावीळ, टायफॉईड हे आजचे धोके आहेत आणि त्यांच्यापुढे ट्रायहॅलोमिथेनची धास्ती फार दूरची आहे. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास येणं हे चांगलंच लक्षण.

पाणीकपातीचा दर्जाशी काही संबंध आहे का?

मोठा संबंध आहे. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येतं. चावीवाला येऊन चावी फिरवतो, दाब येतो, दोन-तीन तासांनी तो पुन्हा फिरवतो आणि वाहिनी रिकामी होते. भरलेल्या वाहिनीला भोक असलं तर पाणी बाहेर गळतं. रिकाम्या वाहिनीला तेच भोक बाहेरचं आत ओढतं. आणि मुंबईत वाहिनीच्या बाहेर काय असतं? पावसाळ्यात तुंबलेलं पाणी, गटार, कधी मलवाहिनी अगदी शेजारून गेलेली. चाळीत आणि वस्तीत गटारावरून गेलेल्या जोडण्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत.

कपात झाली की दाब कमी होतो आणि रिकामी वेळ वाढते. मग लोक वाहिनीला थेट पंप लावून पाणी ओढतात, त्याने आतली पोकळी आणखी वाढते. एका बिल्डिंगचा पंप अख्ख्या गल्लीला गटाराचं पाणी पाजू शकतो. थेट वाहिनीवर पंप लावायला पालिकेची मनाई आहे, पण मे महिन्यात कुठल्याही गल्लीत पहाटे पाच वाजता कान दिला तर पंपांची घरघर ऐकू येते.

म्हणून हवामान बदलाने पाऊस लांबला, की त्याचा फटका तलावाच्या पाण्याआधी नळाच्या पाण्याला बसतो. शिवाय लोक पाणी साठवून ठेवतात, पिंपावर झाकण नसतं, आणि डेंग्यूचे डास नेमके अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतात.

समुद्राची पातळी वाढली तर धरणांचं पाणी खारं होईल का?

नाही. अप्पर वैतरणा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, भातसा-तानसाही शंभर मीटरच्या वर आहेत. खारेपणाची भीती किनाऱ्याजवळच्या विहिरी आणि कूपनलिकांना आहे. टँकरचं पाणी तिथूनच भरलं जात असेल तर ते मात्र तपासून घ्या.

धरणाकाठच्या गावांमुळे पाणी खराब होतं असं म्हणतात. खरं का?

या प्रश्नातला सूर मला खटकतो. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात आणि खाली दिसणारं पाणी मुंबईला जातं. शेतातलं खत आणि उघड्यावरचा मैला पाण्यात येऊ नये असं वाटत असेल तर तिथे नळ, शौचालयं आणि सांडपाण्याची सोय करणं हे मुंबईच्याच हिताचं आहे. जंगल राखणारे लोकही तेच आहेत. पाणलोटात दर वर्षी हॉटेलं आणि बंगल्यांचे प्लॉट वाढतात, त्यांच्याकडे आधी बघावं.

गारगाई धरण आणि मनोरीचा खाऱ्या पाण्याचा प्रकल्प झाला की प्रश्न सुटेल?

प्रमाणाचा थोडा सुटेल. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करून रोज २०० दशलक्ष लिटर, पुढे ४०० पर्यंत मिळवायची योजना आहे. ते पाणी पावसावर अवलंबून नाही ही जमेची बाजू. पण त्याला वीज भरपूर लागते, आणि उरलेलं अतिखारं पाणी कुठे सोडायचं हा कोळीबांधवांचा रास्त प्रश्न आहे. गारगाईसाठी तानसा अभयारण्याच्या परिसरातलं जंगल पाण्याखाली जाणार. पाणी स्वच्छ ठेवणारं जंगल बुडवून पाणी साठवायचं, हा व्यवहार मला तरी आतबट्ट्याचा वाटतो. बुडालेली झाडंझुडपं कुजून नव्या धरणातलं पाणी सुरुवातीची काही वर्षं तसंही त्रास देतं.

घरी आरओ बसवावं का?

पालिकेचं पाणी येत असेल तर गरज नाही. आपलं पाणी पावसाचं, त्यामुळे त्यात क्षार मुळातच कमी असतात. आरओ क्षार काढण्यासाठी असतं, आणि एक लिटर पाणी देताना घरगुती यंत्र बहुधा त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतं. क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओला बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं. साधा गाळणीचा फिल्टर आणि अतिनील दिवा, किंवा फिल्टर आणि उकळणं, एवढं पुरतं. दिव्याच्या यंत्रात गढूळ पाणी घालू नका. प्रकाश आरपार गेला नाही तर जंतू मरत नाहीत.

पाणी उकळलं की सगळं ठीक होतं ना?

जंतूंपुरतं, हो. खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट ठेवा. मँगनीज, क्षार आणि शैवालाचं विष उकळून जात नाही. गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी हलकेच फिरवा, तासभर निवळू द्या, वरचं पाणी सुती फडक्याच्या चार पदरांतून गाळा आणि मग उकळा. क्लोरीनचे थेंब वापरणार असाल तरी आधी निवळणं आलंच, आणि थेंब घातल्यावर अर्धा तास थांबायचं.

सोसायटीने काय करावं?

टाकी धुवावी. वर्षातून दोनदा: एकदा मे अखेरीस, एकदा पावसाळा संपल्यावर. गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची टाकी मे महिन्यात दुपारी हात लावून बघा, चटका बसतो. आतलं पाणी अंघोळीला गरम करायला नको इतकं तापतं, आणि तापलेल्या पाण्यात भांडुपहून आलेला क्लोरीन काही तासांत उडून जातो. मानकानुसार नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, तो गच्चीवरच संपतो. टाकीवर पत्र्याची सावली करा किंवा तिला पांढरा रंग द्या.

जमिनीखालच्या टाकीचं झाकण जमिनीच्या पातळीला असेल तर ते वीतभर उंच करून घ्या. पावसाचं पाणी आवारात साचलं की पहिलं तिथेच उतरतं. ड्रेनेजचं चेंबर त्या टाकीला लागून आहे का, तेही एकदा बघा. जुन्या बिल्डिंगांत सर्रास असतं.

खराब पाण्याची तक्रार कुठे करायची?

पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर, आणि सोबत वॉर्ड ऑफिसच्या जलकामे विभागात लेखी. तक्रारीत तारीख, पाणी सुटल्याची वेळ, किती वेळ खराब आलं आणि शेजारच्या बिल्डिंगांची स्थिती लिहा. नुसतं ‘घाण पाणी येतं’ लिहिलं की कर्मचारी दुपारी येतात, तेव्हा पाणी गेलेलं असतं आणि तक्रार ‘आढळलं नाही’ म्हणून बंद होते. स्वच्छ काचेच्या बाटलीत नमुना भरून, वेळ लिहून ठेवा.

पालिकेकडून काय मागावं?

साठ्याच्या चौकटीशेजारी आणखी एक चौकट. पालिका रोज पाण्याचे नमुने तपासते, आणि पर्यावरण सद्यस्थिती अहवालात कोणत्या वॉर्डात किती टक्के नमुने नापास झाले ते येतं, पण ते वर्षाकाठी एकदा. भांडुप आणि पांजरापूरला येणाऱ्या कच्च्या पाण्याचा गढूळपणा, धरणाच्या पाण्याचं वरचं आणि तळाचं तापमान, प्राणवायू, आणि वॉर्डवार क्लोरीन हे आठवड्याला जाहीर करता येईल. २०२२ च्या मुंबई हवामान कृती आराखड्यात पूर आणि जलस्रोत हा स्वतंत्र विषय आहेच. दहा वर्षांचे असे आकडे हाती असतील तरच पाणी खरंच बदलतंय का ते सांगता येईल.

पावसाळा संपल्यावर उकळणं थांबवलं तर चालेल का?

गणपती गेले की लोक थांबतात, ते जरा घाईचं. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्येही झोडपतो. दिवाळीनंतर आठवडाभर पाणी पहिल्या बादलीपासून नितळ येत असेल, टाकी धुतलेली असेल आणि आसपास काविळीचे रुग्ण नसतील, तर थांबवायला हरकत नाही. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर बारा महिने उकळा.